माणसाला बोल लावण्याआधी



एमबीए म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? टाय, फाडफाड इंग्रजी आणि पेपरात छापून आलेला पॅकेजचा आकडा. आईवडील कर्ज काढून फी भरतात ती त्या आकड्याकडे बघूनच, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. पण ज्या संस्थांत हे शिक्षण मिळतं तिथले प्राध्यापक शिकवण्याखेरीज संशोधनही करतात, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. कशावर करतात ते संशोधन? साबण कसा खपवावा यावर? शेअरचा भाव कुठे जाईल यावर? पुष्कळसं संशोधन अशाच विषयांवर होतं, हे मी सुरुवातीलाच कबूल करतो. आज मात्र मला दुसरी बाजू मांडायची आहे. एड्सचा फैलाव, मूत्रपिंड निकामी झालेले रुग्ण, रुग्णालयात औषध देताना होणाऱ्या चुका, या प्रश्नांवर मॅनेजमेंटच्या संस्थांमधल्या माणसांनी काम केलं आहे आणि त्या कामानं माणसं वाचली आहेत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढची उदाहरणं कशासाठी आहेत ते कळेल. कुठलाही सार्वजनिक प्रश्न उभा राहिला की आपण पहिल्यांदा माणसाला बोल लावतो. व्यसनी माणूस बेजबाबदार, नातेवाईक स्वार्थी, नर्स निष्काळजी. व्यवस्थापनाचं चांगलं संशोधन त्या जागी थांबतं आणि विचारतं: या माणसाभोवतीची व्यवस्था कशी बांधली आहे? माणूस आहे तसाच राहिला आणि व्यवस्था बदलली, तर काय होईल? मला वाटतं, या शास्त्राकडून समाजानं घ्यावी अशी सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे.

अमेरिकेत न्यू हेवन नावाचं शहर आहे, येल विद्यापीठाचं गाव. 1990 च्या आसपास तिथे शिरेतून अमली पदार्थ घेणाऱ्यांमध्ये एचआयव्ही झपाट्यानं पसरत होता. कारण सगळ्यांना माहीत होतं: एकच सुई अनेकांच्या हाती फिरत होती. उपाय सुचवला गेला तो असा, की वापरलेली सुई आणून द्या आणि नवी, स्वच्छ सुई घेऊन जा. त्यावर गदारोळ झाला. सरकारनं व्यसनी माणसाला सुया पुरवायच्या? हे व्यसनाला खतपाणी नाही का? केंद्र सरकारचा पैसा असल्या कामाला वापरायला 1988 पासून बंदीच होती. तरीही नोव्हेंबर 1990 मध्ये न्यू हेवनमध्ये सुयांची गाडी वस्त्यांमधून फिरू लागली.

गाडी सुरू झाली, पण तिचा उपयोग होतोय हे सिद्ध कसं करायचं? व्यसनी माणसाला विचारायचं, की बाबा रे, तू आता सुई दुसऱ्याला देत नाहीस ना? तो काय उत्तर देणार? जो आपल्याला फुकट सुया देतो त्याला आवडेल असंच उत्तर तो देणार. असल्या सर्वेक्षणावर विरोधक विश्वास ठेवणार नाहीत, आणि का ठेवावा?

इथे एडवर्ड कॅप्लन पुढे आले. येलच्या मॅनेजमेंट स्कूलचे प्राध्यापक, विषय ऑपरेशन्स रिसर्च. म्हणजे गोदामात माल किती ठेवावा, रांग कशी कमी करावी, असल्या गणिताचा माणूस. त्यांनी माणसांना विचारायचं सोडून सुयांकडे पाहिलं. दिलेल्या प्रत्येक सुईवर एक क्रमांक. घेणाऱ्याला एक टोपणनाव, खरं नाव कुणी विचारायचं नाही. सुई कुणी, कधी नेली याची नोंद. ती परत आली की कुणी, कधी आणली याची नोंद. मग परत आलेल्या सुयांपैकी काही प्रयोगशाळेत जायच्या आणि येलच्या वैद्यकशाखेतले रॉबर्ट हाइमर त्यांत विषाणूचे अंश सापडतात का ते तपासायचे. नेली एकानं आणि आणली दुसऱ्यानं, तर मधे ती हातोहात फिरली हे वहीतच दिसायचं.

गणित समजायला अवघड नाही. मलेरियात जे काम डास करतो, तेच इथे सुई करत होती. डास मलेरिया वाहतो हे रोनाल्ड रॉस यांनी 1897 मध्ये आपल्याच देशात, सिकंदराबादला दाखवलं आणि पुढे त्याचं गणितही मांडलं. डास जितके दिवस जगेल तितका तो जास्त माणसांना चावणार. सुई जितके दिवस रस्त्यावर फिरेल तितकी ती जास्त हातांत जाणार आणि विषाणू धरण्याची शक्यता वाढणार. गाडीमुळे सुई लवकर परत यायला लागली. सुयांची संख्या वाढलीच पाहिजे असं नव्हतं, एक द्या आणि एक घ्या असा हिशेब होता. कमी झालं ते सुईचं रस्त्यावरचं आयुष्य. एवढ्यानं गाडीवर येणाऱ्यांमधल्या नव्या लागणी सुमारे 33 टक्क्यांनी घटतील असा कॅप्लन यांचा अंदाज निघाला.

यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट कोणती? व्यसनी माणूस सुधारला, शहाणा झाला, असं या गणितात कुठेही गृहीत धरलेलं नाही. तो जसा होता तसाच धरला आहे. तरीही लागण घटते. विरोधकांचा सगळा वाद माणसाच्या चारित्र्यावर होता. कॅप्लन त्या वादात शिरलेच नाहीत.

पुढे न्यूयॉर्कच्या महापौरांनीही अशा योजनेला असलेला आपला विरोध सोडला. या कामाला 1992 चं एडलमन पारितोषिक मिळालं. ऑपरेशन्स रिसर्चमध्ये हे फार मानाचं पारितोषिक आहे आणि एरवी ते बहुधा मोठ्या कंपन्यांच्या वाट्याला जातं. पण केंद्राच्या पैशावरची बंदी उठायला 2009 उजाडावं लागलं, आणि दोन-तीन वर्षांत ती परत लादली गेली. पुरावा हातात असला म्हणजे धोरण बदलतंच असं नाही, हे इथे बसलेल्या तरुण संशोधकांनी लक्षात ठेवावं. 

आता दुसरी गोष्ट. समजा, साताऱ्याकडचं एक जोडपं आहे. नवऱ्याची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत आणि आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस चालू आहे. बायको म्हणते, माझं एक काढून द्या. तपासणी होते. तिचा रक्तगट बी, त्याचा ए. जमत नाही. दोघं घरी परत. आणि समजा, नागपूरला दुसरं जोडपं आहे. तिथे बायको आजारी आहे, तिचा रक्तगट बी. नवरा द्यायला तयार आहे, त्याचा ए. तोही घरी परत. चौघांना एकत्र बसवलं तर? साताऱ्याच्या बाईंचं मूत्रपिंड नागपूरच्या बाईंना आणि नागपूरच्या गृहस्थांचं साताऱ्याच्या गृहस्थांना. डॉक्टरमंडळी याला स्वॅप म्हणतात. देणाऱ्यांच्या मनात प्रेम भरपूर होतं. या दोन घरांची एकमेकांशी गाठ घालून देणारं मात्र कुणी नव्हतं.

दोन जोड्या असतील तर कागदावर जुळवता येईल. पन्नास असतील तर? पाचशे असतील तर? रक्तगटाखेरीज क्रॉसमॅचही बघावा लागतो, म्हणजे घेणाऱ्याचं रक्त त्या दात्याचं मूत्रपिंड नाकारणार नाही ना, हे. जास्तीत जास्त लोकांना मूत्रपिंड मिळेल अशी जुळणी कोणती, हा गणिताचा प्रश्न होतो. हा प्रश्न अल्विन रॉथ यांनी हाती घेतला. ते तेव्हा हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये होते. त्याआधी अमेरिकेतले नवे डॉक्टर आणि रुग्णालयं यांची जुळणी करण्याची पद्धत त्यांनी नव्यानं बांधून दिली होती. तायफुन सोनमेझ आणि उत्कु उन्व्हर या दोन अर्थतज्ज्ञांबरोबर त्यांचा मूत्रपिंड-विनिमयावरचा लेख 2004 मध्ये आला आणि लगोलग न्यू इंग्लंड भागातल्या शल्यचिकित्सकांबरोबर त्यांचं काम सुरू झालं.

इथला एक तपशील मला फार आवडतो. मूळ गणितात जोड्यांची साखळी कितीही लांब असली तरी चालत होतं. चार, पाच, दहा. शल्यचिकित्सक म्हणाले, असं चालणार नाही. का? कारण सगळ्या शस्त्रक्रिया एकाच वेळी कराव्या लागतात. आज माझ्या बायकोला मूत्रपिंड मिळालं आणि उद्या मी म्हणालो, मला नाही द्यायचं, तर कायदा माझ्यावर सक्ती करू शकत नाही, आणि करूही नये. म्हणजे दोन जोड्यांना चार ऑपरेशन थिएटर, चार पथकं, एकाच सकाळी. तीन जोड्यांना सहा. एवढी थिएटरं आणायची कुठून? तेव्हा या अर्थतज्ज्ञांनी काय करावं? त्यांनी आपलं गणित बदललं. फक्त दोन आणि तीन जोड्यांच्या अदलाबदलीतूनही बहुतेक सगळा लाभ पदरात पडतो, हे त्यांनी दाखवून दिलं. सिद्धान्त थिएटरच्या दाराशी आला आणि तिथल्या अडचणीपुढे वाकला. मला हे विद्वत्तेचं फार मोठं लक्षण वाटतं. 2012 मध्ये रॉथ यांना लॉइड शॅप्ली यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आपल्याकडे 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात 2011 मध्ये दुरुस्ती झाली आणि अशा अदलाबदलीला कायद्यात जागा मिळाली. पण मित्रहो, आपल्या देशातला दुसरा आकडाही ऐका. 1995 ते 2021 या काळात देशात 36,640 अवयव प्रत्यारोपणं झाल्याची राष्ट्रीय नोंद आहे. त्यांतली 29,695 पुरुषांची, बायकांची 6,945. आणि जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बहुसंख्य कोण? बायका. आई देते, बायको देते, बहीण देते. जुळणीचं गणित जोडी घेतं आणि उत्तम जुळवून देतं. ती जोडी घरात कशी ठरली, कोण न विचारताच दाता झाली, कुणासाठी दाता शोधलाच गेला नाही, हे त्या गणिताच्या आधीच घडून गेलेलं असतं. व्यवस्था सुधारणारं शास्त्र आपल्याला हवंच. पण व्यवस्थेची हद्द रुग्णालयाच्या दाराशी संपते असं मानलं तर ते अर्धवट राहील. उंबऱ्याच्या आतली व्यवस्थाही संशोधनाचा विषय व्हायला हवी.

तिसरी गोष्ट एमी एडमंडसन यांची. त्या आज हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये प्राध्यापक आहेत, पण ही हकिकत त्यांच्या विद्यार्थिदशेतली आहे. रुग्णालयात औषध देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास चालू होता. त्यांची अपेक्षा सरळ होती: ज्या वॉर्डात माणसं एकमेकांना धरून काम करतात, तिथे चुका कमी. आकडे हाती आले ते उलटे. चांगल्या वॉर्डांत चुका जास्त! आता काय म्हणायचं? एकोप्यानं काम बिघडतं म्हणायचं? त्यांनी आकड्यांच्या मागे जाऊन पाहिलं, तेव्हा उलगडा झाला. चांगल्या वॉर्डांत चुका जास्त होत नव्हत्या, जास्त सांगितल्या जात होत्या. बाकीच्या ठिकाणी त्या दाबल्या जात होत्या. 1996 मध्ये हे छापून आलं, आणि बोलायला न घाबरण्याची मोकळीक म्हणजे काय, ती कशी मोजायची, यावर त्यांचं पुढचं सगळं काम उभं राहिलं.

आपल्याकडचं चित्र डोळ्यांपुढे आणा. रात्रपाळी. एका सिस्टरकडे तीस-चाळीस खाटा. डॉक्टरांनी लिहिलेला डोस तिला शंकास्पद वाटतो. अक्षर नीट लागत नाही, दशांशचिन्ह आहे की शाईचा ठिपका, कळत नाही. रात्री दोन वाजता मोठ्या डॉक्टरांना फोन करायचा का? केला आणि ते खेकसले तर? डोस चुकला आणि तिनं तो रजिस्टरमध्ये लिहिला, तर दुसऱ्या दिवशी मेमो. मग ती काय शिकते? लिहायचं नाही, हेच शिकते. आणि त्या कोऱ्या रजिस्टरवरून वरचे साहेब म्हणतात, आमच्याकडे चुका होत नाहीत.

भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात जानेवारी 2021 मध्ये नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. महाराष्ट्र हादरला. मग कारवाई झाली, काहींचं निलंबन झालं, कंत्राटी परिचारिकांची सेवा संपवली गेली. ज्याची चूक असेल त्याला शिक्षा व्हावी, याबद्दल माझं दुमत नाही. पण त्यानंतर आपण हे विचारलं का, की धोक्याची सूचना खालून वर जाण्याची वाट कुठे आहे? सुट्टीच्या दिवशी, रात्री, कंत्राटावरच्या मुलीनं सांगितलं की इथली वायरिंग तापते, तर तो शब्द कुणाच्या टेबलापर्यंत पोचतो? त्या दहा बाळांच्या आईबापांचं आपण एवढं तरी देणं लागतो, की हा प्रश्न कुणीतरी वर्षभर बसून अभ्यासावा.

तेव्हा आतापर्यंत तीन गोष्टी झाल्या. सुई, मूत्रपिंड, चूक. तिन्ही ठिकाणी संशोधक माणसाला दोष देत बसला नाही. आता या शास्त्राचं जे मला पटत नाही तेही सांगायला हवं.

सी. के. प्रल्हाद यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. मिशिगन विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलमधले थोर प्राध्यापक. गरिबांकडे ग्राहक म्हणून पाहा, कंपन्यांचाही फायदा होईल आणि गरिबीही हटेल, असं त्यांनी 2004 च्या पुस्तकात मांडलं. जगभर ते डोक्यावर घेतलं गेलं. त्याच संस्थेतले दुसरे प्राध्यापक, अनिल कर्नानी, यांनी त्याला कडाडून विरोध केला. गरिबाला विकत राहिल्यानं तो श्रीमंत होत नाही, त्याच्या हाताला काम द्या, त्याचा माल विकत घ्या, असं त्यांचं म्हणणं होतं. गोरेपणाची क्रीम गरीब मुलीला विकणं याला सबलीकरण म्हणायचं का, असं त्यांनी 2007 मध्ये थेट 'फेअर अँड लव्हली'चं उदाहरण घेऊन विचारलं. त्या क्रीमचं नाव बदलायला 2020 साल यावं लागलं. या वादात मी कर्नानींच्या बाजूचा आहे. प्रश्न समाजाचा असला, तरी उत्तर दर वेळी विक्रीत सापडलंच पाहिजे असा हट्ट धरला, की संशोधनाचं रूपांतर जाहिरातीत होतं.

आणि आपल्या घरचं उदाहरण. मुंबईचे डबेवाले. मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव या बाजूची ही माणसं. त्यांच्यावर हार्वर्ड बिझनेस स्कूलनं 2010 मध्ये केस स्टडी केला आणि जगभरच्या वर्गांत तो शिकवला गेला. डब्याच्या झाकणावरची खूण, स्टेशनावरची वाटणी, वेळेचा काटेकोरपणा, सगळ्याचं कौतुक झालं. रास्तच होतं. आपणही अभिमानानं सांगितलं. मग मार्च 2020 मध्ये लोकल बंद पडल्या, कचेऱ्या बंद पडल्या आणि डबा बंद पडला. ज्यांच्याकडून जगानं व्यवस्थापन शिकलं, त्यांच्यातले किती जण गावी परतले, किती जण रखवालदार झाले, म्हातारपणी त्यांच्या हाती काय राहतं, आयुष्यभर डोक्यावर ओझं वाहून मानेचं आणि गुडघ्याचं काय होतं, यावर आम्हा व्यवस्थापनवाल्यांपैकी किती जणांनी अभ्यास केला? त्यांच्याकडून आम्ही घेतलं. परत काय दिलं? हा प्रश्न मला टोचतो, आणि तो माझ्या सगळ्या व्यवसायबंधूंना टोचावा अशी माझी इच्छा आहे.

परत देण्याचा प्रयत्न आपल्या देशात झालेला आहे, हेही सांगतो. रवी मथाई हे अहमदाबादच्या आयआयएमचे पहिले पूर्णवेळ संचालक. संस्था नावारूपाला आणल्यावर 1972 मध्ये त्यांनी आपण होऊन संचालकपद सोडलं आणि तिथेच साधे प्राध्यापक म्हणून राहिले. हीच केवढी दुर्मीळ गोष्ट आहे! मग 1975 मध्ये ते सहकाऱ्यांना घेऊन राजस्थानात तेव्हाच्या अजमेर जिल्ह्यातल्या जवाजा या दुष्काळी भागात गेले. सुमारे 200 गावं, पाणी नाही, आणि या भागात विकास करण्याजोगं काही नाही असा सरकारी शेरा. मथाईंनी तिथले विणकर पाहिले, चामड्याचं काम करणारे कारागीर पाहिले आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची माणसं बरोबर घेतली. आम्ही कायमचे इथे राहणार नाही, हिशेब, खरेदी, बाजार, भांडण, सगळं तुम्हालाच करायचं आहे, ही अट पहिल्यापासून होती. सतरंज्या झाल्या, चामड्याच्या पिशव्या झाल्या, कारागिरांची स्वतःची संघटना उभी राहिली. 1984 मध्ये मथाई वारले. देशातल्या सर्वांत प्रतिष्ठित व्यवस्थापन संस्थेचा माजी संचालक दुष्काळी तालुक्यात कारागिरांबरोबर बसून मालाचा हिशेब मांडतो, हे पन्नास वर्षांपूर्वी घडलं आहे. म्हणजे ते घडू शकतं.

आज का घडत नाही? कारण प्राध्यापकाची बढती परदेशी जर्नलमध्ये लेख छापून येण्यावर ठरते. बीडच्या ऊसतोड कामगाराचा किंवा गडचिरोलीच्या आशाताईंचा प्रश्न त्या जर्नलला आपला वाटेलच असं नाही. मग प्राध्यापक जर्नलला आवडेल तो प्रश्न घेतो. इथेही मी माणसाला बोल लावणार नाही. ती व्यवस्था आपण बांधली आहे आणि ती बदलणंही आपल्याच हातात आहे.

महाराष्ट्रात व्यवस्थापनाच्या शेकडो संस्था आहेत. जवळपास प्रत्येक जिल्ह्यात आहेत. त्यांतली मुलं उन्हाळ्यात प्रोजेक्ट करतात आणि त्यांतले पुष्कळसे प्रोजेक्ट बांधणी होऊन कपाटात जातात. त्यांतला निम्मा वेळ शेजारच्या सिव्हिल हॉस्पिटलला द्या. सुरुवातीला एकच काम करा: एका केसपेपरच्या मागे जा. खेड्यातली बाई पहाटेच्या एसटीनं आली. केसपेपरच्या रांगेत किती वेळ गेला? डॉक्टरांनी किती मिनिटं पाहिलं? रक्त कुठे दिलं, रिपोर्ट उद्या या म्हणाले का? औषधाच्या खिडकीवर किती गोळ्या मिळाल्या आणि किती बाहेरून घ्या म्हणाले? त्या दिवसाची तिची मजुरी किती बुडाली? दुसऱ्यांदा ती आली का? आणखी एक विषय आहे. मुंबईत कोरोनाच्या काळात महापालिकेच्या 24 वॉर्डांत वॉर रूम चालल्या, खाटा वाटल्या गेल्या. तिथे बसलेल्या माणसांना आज भेटलात तर त्यांना सगळं आठवत असेल, आणखी दहा वर्षांनी आठवणार नाही. त्याचा अभ्यास आत्ताच व्हायला हवा.

आणि जे हाती लागेल ते मराठीत लिहा. जिल्हा शल्यचिकित्सकांना, हेड सिस्टरना, जिल्हा परिषदेच्या सदस्याला वाचता येईल असं, दहा पानांत लिहा.

या सभागृहात संस्थाचालक आहेत, प्राध्यापक आहेत, निवृत्त अधिकारी आहेत. तुम्हाला माझी विनंती आहे. येत्या जूनमध्ये वर्ग सुरू होतील तेव्हा आपल्या संस्थेतले दोन प्राध्यापक आणि दहा मुलं एका वर्षासाठी जिल्हा रुग्णालयाला जोडून द्या. त्यांचं ते वर्ष बढतीत धरा. वर्षाच्या शेवटी त्यांनी काय पाहिलं ते रुग्णालयाच्या माणसांसमोरच, भर सभेत वाचून घ्या. तुमच्यापैकी कुणी हे करायला तयार असेल तर आज जाण्यापूर्वी मला भेटा. माझा वेळ मी त्यासाठी देईन.